बागुलबुवा आणि पाण्याची बादली

मूल रांगू लागले की घरातल्या वस्तू आपोआप उंच चढू लागतात. औषधांच्या बाटल्या फडताळाच्या वरच्या खणात जातात, इस्तरीची तार गुंडाळून ठेवली जाते, देवापुढची समई जमिनीवरून कोनाड्यात जाते. त्याच सुमारास घरात सल्ल्यांची वर्दळही सुरू होते. आजी सांगते, तिन्हीसांजेला मुलाला उंबऱ्याबाहेर नेऊ नये. शेजारीण सांगते, थंडीत केळे दिले तर छाती भरेल. डॉक्टर सांगतात, अख्खा शेंगदाणा हाती देऊ नका. दाढा आल्या नाहीत तोवर तो नीट चावला जात नाही, आणि हसतारडता श्वासनलिकेत उतरला तर मूल गुदमरते. इतक्यात मोबाइलवर कोणा दूरच्या आप्ताचा संदेश येतो की, गावात मुले पळविणारी टोळी शिरली आहे. ह्या चारही सूचनांमागे मायाच असते, आणि चौघांच्याही बोलण्याचा शेवट एकच असतो : ऐकले नाही तर पस्तावाल.

न्यायाधीशापुढे खटला येतो तेव्हा साक्षीपुरावा होतो, उलटतपासणी होते, आणि निकाल द्यायला मुदत मिळते. आईबापांच्या नशिबी ह्यांपैकी काहीच नसते. आमटी उतू जात असताना, कार्यालयात जाण्याची घाई असताना, मूल कडेवर रडत असताना त्यांना निकाल द्यावा लागतो. तो ते कसा देतात, त्यांच्या मनातल्या तराजूत कोणते वजन जड ठरते आणि कोणते हलके, हे पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. लहान मुलांना भेडसावण्यासाठी मोठ्यांनी बागुलबुवा निर्माण केला. परंतु मोठ्यांचेही बागुलबुवे असतात. त्यांच्याकडे टक लावून पाहत असताना न्हाणीघरातील पाण्याची बादली मात्र नजरेतून सुटते.

एक उदाहरण घ्यावे. 2006 च्या जुलै महिन्यात हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा एक मुलगा कूपनलिकेच्या उघड्या खड्ड्यात पडला. सेनेच्या जवानांनी बाजूने वाट काढून सुमारे दोन दिवसांनी त्याला सुखरूप वर आणले. ते सारे तास देशाने दूरचित्रवाणीवर श्वास रोखून पाहिले. पुढे 2010 मध्ये अशा खड्ड्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले, आणि ते योग्यच झाले. त्या दिवसांत देशातील असंख्य आईबापांनी आपल्या मुलाला शेतातल्या पाइपाजवळ जाऊ नकोस म्हणून बजावले असेल. परंतु मूल पाण्यात बुडण्याचा जो नित्याचा मार्ग, त्याकडे कॅमेरा वळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 ह्या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. ही मुले समुद्रात दूरवर पोहायला गेलेली नव्हेत. घरामागचे तळे, शेतातले डबके, अंगणातला हौद, न्हाणीतली बादली, अशा ओळखीच्या पाण्याने त्यांना नेले.

बादलीत मूल बुडते हे पुष्कळांना खरे वाटत नाही. परंतु त्याचे कारण साधे आहे. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. पाण्यात तरंगणारे खेळणे घेण्यासाठी ते कडेवरून वाकले की तोल पुढे जातो. स्वतःला मागे रेटण्याचे बळ हातांत नसते, आणि भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडत नाही. वीतभर पाणीसुद्धा पुरते. तोंड पाण्याखाली असल्यामुळे हाक निघत नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या आईला काही ऐकू येत नाही, आणि मिनिटा-दोन मिनिटांत सारे आटोपते. नळाला दिवसातून तासभर पाणी येते अशा ज्या घरांत प्रत्येक भांडे भरून ठेवावेच लागते, तेथे हा धोका रोजचा आहे. रोजचा आहे, म्हणूनच तो दिसत नाही.

अमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल काहनेमान ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एक विचार मांडला. एखादी घटना किती वेळा घडते ह्याचा अंदाज माणूस मोजून करीत नाही. तिचे उदाहरण मनात किती चटकन उभे राहते ह्यावरून करतो. जे सहज आठवते ते नेहमी घडते असे त्याला वाटते. खड्ड्यातला मुलगा सहज आठवतो; बादलीतल्या मुलाची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदात भाजी बांधली जाते. पॉल स्लोविक ह्या अमेरिकन संशोधकाने 1987 मध्ये आपल्या व इतरांच्या अभ्यासाचा आढावा घेताना आणखी दोन गोष्टी दाखविल्या. जो धोका भयंकर वाटतो, म्हणजे ज्याच्यापुढे माणूस स्वतःला असहाय समजतो, आणि जो धोका नवा व अनोळखी असतो, त्याचे वजन मनात वाढते. जो जुना, परिचित आणि स्वतःच्या हातातला वाटतो, त्याचे वजन घटते. मोटारसायकलच्या टाकीवर मुलाला पुढे बसवून बाजारात जाणारा बाप बेपर्वा नसतो. मुलाला जवळच्या दुकानातही एकटे न पाठविणारा बाप बहुधा तोच असतो. फरक इतकाच की, अनोळखी माणूस त्याच्या ताब्यात नाही, आणि गाडीचे हँडल त्याच्या स्वतःच्या मुठीत आहे असे त्याला वाटते. समोरून येणाऱ्या ट्रकचे चाक कोणाच्या मुठीत आहे, हा प्रश्न त्या वेळी त्याच्या मनात उठत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नियम केला, आणि तो पुढल्या वर्षी अमलात आला. त्याप्रमाणे दुचाकीवरील चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण हवे, आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. ह्या नियमाची वार्ता किती घरांत पोचली आणि मुले पळविणाऱ्या टोळीची किती घरांत, ह्याची तुलना ज्याची त्याने आपल्या मनाशी करावी.

तराजूतले दुसरे वजन सांगणाऱ्याचे असते. बाळ जन्मले की त्याच्या जिभेला मध लावण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. बाळगुटीही काही ठिकाणी मधात उगाळतात. डॉक्टर सांगतात, वर्षाच्या आत मध नको. आजी विचारते, घरातल्या सात मुलांना चाटवला, कोणाला काय झाले? ह्या प्रश्नापुढे तरुण आई निरुत्तर होते, कारण सातांपैकी पाच जण तेथेच जेवायला बसलेले असतात. आजीची साक्ष खोटी नसते. तथापि ती वाचलेल्यांची साक्ष आहे; जे वाचले नाहीत ते साक्षीला येत नाहीत. 1951 च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी जवळजवळ दीडशे मुले वर्षाच्या आत दगावत. 2023 मध्ये ही संख्या 25 पर्यंत खाली आली. त्या काळी मूल का गेले ह्याची चौकशी क्वचितच होई. दैवाकडे बोट दाखवून घर पुन्हा कामाला लागे. मधात कधीकधी एका जंतूचे बीज असते. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाही, तान्ह्याच्या आतड्यात रुजू शकते, आणि त्याच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. हा रोग स्वतंत्र म्हणून ओळखला गेला तो 1976 मध्ये. आजीने पहिल्या नातवाला मध चाटविला तेव्हा कदाचित हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

ह्याचा अर्थ आजीचे सारेच टाकाऊ असा मुळीच नाही. बाळंतिणीच्या खोलीत सव्वा महिना येणाऱ्याजाणाऱ्यांना मज्जाव करण्याची जुनी रीत घ्यावी. तिला विटाळाची जी जोड होती ती सोडून द्यावी, पण नवजात बालकापासून खोकला-सर्दी झालेली माणसे दूर ठेवावीत हे आजचे वैद्यकही सांगते. उलटपक्षी, वैद्यकाचे म्हणणेही बदलत आले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांतील बालसंगोपनाची पुस्तके मुलाला पालथे निजवावे असे सांगत, कारण ओकारी घशात अडकू नये. पुढे ध्यानात आले की, झोपेतच अकस्मात दगावणाऱ्या मुलांत पालथ्या निजणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. ब्रिटनमध्ये 1991 मध्ये आणि अमेरिकेत 1994 मध्ये मुलांना उताणे निजविण्याची मोहीम झाली, आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. डॉक्टर काल एक सांगतात आणि आज दुसरे, ही तक्रार अशा बदलांमधूनच जन्मते. परंतु ज्याने आपली चूक मोजून पाहिली आणि जाहीरपणे दुरुस्त केली, त्याच्या पुढल्या शब्दाची किंमत वाढावयास हवी. अफवा कधीच दुरुस्ती करीत नाही. ती केवळ गाव बदलते.

आणि अफवेचा हिशेब शेवटी कोणाला चुकवावा लागतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा ह्या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसे तेथे आली होती. गावोगाव भिक्षा मागत फिरणे हा त्या समाजाचा पिढीजात मार्ग. मुले पळविणाऱ्या टोळ्यांचे संदेश त्या भागात मोबाइलवरून काही दिवस फिरत होते. जमावाला वाटले, हेच ते. त्या पाचही जणांना मारमारून ठार करण्यात आले. ती टोळी होती कोठे? कोठेच नव्हती. त्या उन्हाळ्यात देशाच्या अनेक राज्यांत असेच बळी गेले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एकच संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलण्यास प्रतिबंध केला.

संदेश पुढे धाडणारे दुष्ट होते असे म्हणता येत नाही. त्यांतील पुष्कळजण आईबापच असतील. त्यांनी मनाशी केलेला हिशेब ओळखीचा आहे : खोटे असले तर काय बिघडते? खरे असले तर? मुलाच्या बाबतीत हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि येथेच सारी चूक आहे. सावधगिरी फुकट मिळत नाही. तिची किंमत कोणीतरी देतोच. सांगणारा देत नाही, म्हणून त्याला ती दिसत नाही. राईनपाड्यात ती किंमत भिक्षा मागणाऱ्या पाच माणसांनी दिली. त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर व रुबेला ह्यांच्या लसीची मोहीम सुरू झाली. लसीविषयीच्या भीतीच्या कहाण्याही त्याच मोबाइलवरून फिरल्या. लस टाळणाऱ्या आईला वाटते की आपण निदान काही केले तरी नाही. केलेल्या कृतीचा दोष माणसाला बोचतो, न केलेल्याचा बोचत नाही. परंतु गोवर असा भेद करीत नाही. 2022 च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, त्याची साथ उठली, आणि लस न मिळालेली मुले तिला प्रामुख्याने बळी पडली.

आईबापांच्या तराजूला दोष देताना दुसऱ्या पारड्याकडेही पाहिले पाहिजे. खोटी वार्ता घराघरांत ओरडत फिरते, खरी वार्ता पुष्कळदा परिपत्रकात कुजबुजते. सर्दीच्या औषधांतील दोन द्रव्यांचे एक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापावा, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिली होती. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले आढळले, आणि तेच मृत्यूचे कारण ठरले. ते विष ओळखणे कोणत्याही आईच्या हाती नव्हते. तो दोष करणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचा. तथापि त्या औषधात तेच दोन द्रव्यांचे मिश्रणही होते. जुनी सूचना दुकानाच्या फळीपर्यंत आणि आईच्या कानापर्यंत खरोखर पोचली असती, तर त्यांतल्या लहानग्यांच्या तोंडी तो चमचा गेलाच नसता. लहान मुलाचा साधा खोकला पुष्कळदा औषधावाचून बरा होतो, हे एक वाक्य सोप्या मराठीत, हिंदीत आणि गोंडीत सांगणे अवघड नाही. ते वेळेवर आणि वारंवार सांगणे मात्र कोणीतरी आपले काम मानले पाहिजे.

शिवाय सूचना पाळायला साधन लागते. मुलावर सतत नजर ठेवा, असे सांगणे सोपे आहे. उसाच्या फडात कोयता घेऊन उभी असलेली आई मुलाला बांधावर, फार तर चारपाच वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर, ठेवून कामाला लागते. तिच्याजवळ नजर एकच आहे, आणि ती मजुरीला लागलेली आहे. अशा आईला दिलेला इशारा हा इशारा राहत नाही; तो उद्याच्या दुर्घटनेचा आगाऊ लिहिलेला दोषारोप होतो. ह्या बाबतीत शेजारच्या बांगलादेशाने जे केले ते विचारात घेण्याजोगे आहे. तेथील खेड्यांत घराच्या चहूबाजूंना तळी, आणि मुले बुडतात ती बहुधा सकाळी, आई स्वयंपाकपाण्यात गुंतलेली असताना. हे मोजून पाहिल्यावर तेथील कार्यकर्त्यांनी गावातल्याच एखाद्या स्त्रीच्या घरी, सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत, वीस-पंचवीस मुलांना सांभाळण्याची व्यवस्था केली. तिला त्यांनी नाव दिले ‘आँचल’, म्हणजे पदर. जेथे हे पदर पसरले तेथे लहान मुलांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणावर घटले. 2022 मध्ये बांगलादेशाच्या सरकारने सोळा जिल्ह्यांत अशी आठ हजार केंद्रे काढण्याची योजना मंजूर केली. त्याआधी, एप्रिल 2021 मध्ये, बांगलादेश व आयर्लंड ह्यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी 25 जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी नेमून दिला. खड्ड्यात पडलेल्या एका मुलासाठी सेना धावून येते हे राष्ट्राला भूषणावह आहे. तळ्याकाठच्या हजार मुलांसाठी चार तासांची दाई नेमणे हेही तितकेच भूषणावह, फक्त त्याचे चित्र दूरचित्रवाणीवर दिसत नाही.

तर मग आईबापांनी करावे काय? दर इशाऱ्याला भ्यावे, तर मूल काचेच्या कपाटात वाढेल. दर इशाऱ्याला हसावे, तर एखादा खरा निघेल. सुज्ञ माणसे ह्या दोहोंमधली वाट काढतात ती काही साधे प्रश्न विचारून. हे किती घरांत घडते? सांगणाऱ्याने ते पाहिले की नुसते ऐकले, आणि तो चुकला तर कबूल करील काय? ही सूचना पाळली तर त्याची किंमत काय, आणि ती कोणाला द्यावी लागेल? मधाचा धोका विरळा आहे, पण वर्षभर मध न दिल्याने कोणाचे काहीच अडत नाही. म्हणून ती सूचना पाळावी. अनोळखी माणसाकडून मुलाला धोका असू शकतो, म्हणून मुलाला सावध करावे; परंतु दारी आलेल्या भिक्षेकऱ्याकडे संशयाने पाहण्याची किंमत त्या भिक्षेकऱ्याला द्यावी लागते, म्हणून पुराव्यावाचून तो संदेश पुढे धाडू नये.

आणखी एक प्रश्न जुन्या माणसांनी न विचारताच सोडविला होता. गावाला विहीर असे, नदी असे. मूल आज ना उद्या पाण्यापाशी जाणारच हे ते जाणून होते. म्हणून पाण्याकडे जाऊ नकोस एवढे बजावून ते थांबत नसत. उन्हाळ्याच्या सुटीत काका किंवा मामा मुलाच्या पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा बांधी, आणि त्याला विहिरीत उतरवून आपण शेजारी पोहत राही. काही दिवसांनी भोपळा सुटे, आणि जन्मभराची भीती जाऊन तिच्या जागी जन्मभराचे कसब येई. मनाई मुलाला त्या दिवसापुरती वाचवते. शिकवण मोठ्याची नजर नसतानाही वाचवते.

भोपळा बांधण्याचे वय येईपर्यंतचे काम मात्र घरातल्यांचेच आहे. ते करायला पराक्रम लागत नाही, भयही लागत नाही. रात्री दिवे मालविण्यापूर्वी दाराची कडी लावली की नाही हे प्रत्येक घर पाहते, कारण चोराचे भय जुने आहे. ज्या घरात मूल नुकतेच चालू लागले आहे, तेथे त्याच फेरीत न्हाणीघरापर्यंत आणखी चार पावले जावे, उरलेल्या पाण्यावर घट्ट झाकण आहे ना ते पाहावे, न्हाणीचे दार ओढून घ्यावे, आणि रिकामी बादली पालथी घालून ठेवावी.